दुसऱ्याचे मन जाणणाऱ्या रमाबाई रानडे



मी काही लेखिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तरी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असा आपल्या अध्यक्षबाईंनी आग्रह धरला. मी रमाबाई रानडे यांचे नाव सांगितले, कारण त्यांची हकीकत आपल्याला ठाऊकच आहे असे मला वाटत होते. २०१२ साली त्यांच्यावरची मालिका दूरदर्शनसंचावर लागत असे, तेव्हा आपल्या गल्लीत कितीतरी घरी रात्रीचे जेवण तिच्या वेळेवर ठरत होते. पण लिहायला म्हणून पुस्तके वाचायला घेतली आणि ध्यानात आले, की मला त्यांची हकीकत ठाऊक होती, त्यांचे मन नव्हे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवावरून मंडळात जी बोलाचाली झाली, ती बहुतेकजणींना माहीत आहे. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. हे चरित्र वाचताना मला त्या दिवसाची वारंवार आठवण होत होती. त्याविषयी शेवटी लिहीन. आधी रमाबाईंविषयी.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येते. पुढे यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा. कुर्लेकरांचे घर जुन्या वळणाचे होते. मुलींनी अक्षर शिकू नये अशी त्या काळची समजूत, त्यामुळे अकरा वर्षांची होईपर्यंत या मुलीला काळ्यावर पांढरे करता येत नव्हते. पण आईला झाडपाल्याच्या औषधांची चांगली माहिती होती, आणि संध्याकाळी ती मुलांना जवळ बसवून पुराणातल्या गोष्टी सांगत असे. लिहिता वाचता येत नसले तरी ऐकण्याची सवय मुलीला त्या घरातच लागली. पुढे ही सवय त्यांच्या फार उपयोगी पडली, असे मला वाटते.

१८७३ साली त्यांचे लग्न माधवराव रानडे यांच्याशी झाले. माधवराव त्या वेळी एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश, विद्वान म्हणून सर्वत्र नाव झालेले. त्यांची पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारली होती आणि त्या दुःखातून ते बाहेर आलेले नव्हते. शिवाय ते विधवाविवाहाच्या बाजूचे. आपला मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील, या धास्तीने त्यांच्या वडिलांनी घाईने हे लग्न ठरविले. माधवरावांना ते मनातून नको होते, पण वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. पुढे जन्मभर लोकांनी त्यांना याबद्दल बोल लावला. जो माणूस विधवांची लग्ने व्हावीत म्हणून भाषणे देतो, त्याने स्वतः अकरा वर्षांची कुमारिका कशी केली, असे लोक विचारीत. तो बोल खोटा नव्हता. पण त्या अकरा वर्षांच्या मुलीचा त्यात काय दोष?

सासरी पाठविताना वडिलांनी तिला उपदेश केला. घर मोठे आहे, सासू सावत्र आहे, माणसे नाना स्वभावांची असतील. कोणी काही बोलले तरी सोसावे, उलट उत्तर करू नये, आणि मुख्य म्हणजे कोणाची कागाळी नवऱ्यापाशी करू नये, कारण चहाड्यांनी घरेच्या घरे बुडतात. हा उपदेश रमाबाईंनी जन्मभर गाठीशी बांधून ठेवला.

लग्नानंतर लगेच माधवरावांनी पाटी आणली आणि बायकोला अक्षरे शिकवायला सुरुवात केली. मग शिकवायला बाई ठेवली. मराठी येऊ लागल्यावर इंग्रजीचे धडे सुरू झाले. एका मोठ्या माणसाने आपल्या पत्नीला घरच्या घरी शिकविले, अशी ही गोष्ट आपण ऐकतो आणि आपल्याला ती गोड वाटते. पण भगिनींनो, ही गोष्ट माजघरातून कशी दिसत असेल, याचा आपण कधी विचार केला आहे का?

त्या घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ होत्या. सासूबाई होत्या, नात्यातल्या इतर वडील बायका होत्या, नणंदा होत्या. त्यांतल्या कित्येक विधवा होत्या. माधवरावांची बहीण दुर्गा हीही लहान वयातच विधवा झालेली. माधवरावांनी तिचे पुन्हा लग्न करावे म्हणून वडिलांपाशी शब्द टाकला होता, पण त्यांनी तो मानला नाही. या सगळ्यांना नव्या सुनेचे शिकणे मुळीच पसंत नव्हते. दिवसभर कामे आणि टोमणे, आणि रात्री पाटी. इंग्रजी शिकवायला मडमबाई येऊ लागल्या, तेव्हा तिला शिवल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात शिवाशिव करायची नाही असे ठरले. एकदा भांडी घासताना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक कपटा रमाबाईंच्या हाती लागला. आपल्याला हे वाचता येते का, या उत्सुकतेने त्या हातातले काम विसरून वाचू लागल्या. तेवढ्यावरून त्यांना काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना सासुरवास पाहिलेल्या प्रत्येकीला येईल.

यात गंमत अशी, की शिकविण्याचा हट्ट माधवरावांचा आणि बोलणी खायची रमाबाईंनी. घरातला कर्ता पुरुष, त्यातून मोठा न्यायाधीश. त्याला कोणी काय बोलणार? सगळा राग सुनेवर निघे. माधवराव स्वतः कोणाशी भांडत नसत. पत्नीलाही ते सोसण्याचाच सल्ला देत. आजच्या मुली हे वाचून माधवरावांवर रागावतील. मीही थोडी रागावले. माझी मुलगी तर म्हणाली, की त्यांनी एकदा तरी माजघरात येऊन चार शब्द सुनवायला हवे होते. तिचे म्हणणे मला खोडता आले नाही.

पण रमाबाईंनी काय केले ते पाहावे. त्यांनी शिकणे सोडले नाही. उलट उत्तर केले नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. त्या बायकांना त्यांनी आपल्या मनातून टाकले नाही. १९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकात सासरचा छळ आहे, काही लपवून ठेवलेले नाही. पण त्यात कोठेही सूड नाही. शिवाय माधवरावांच्या लहानपणच्या कितीतरी हकीकती त्यात आहेत. रमाबाईंचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्या हकीकती त्यांना घरातल्या वडीलधाऱ्या माणसांकडूनच कळल्या असणार. म्हणजे ज्यांनी टोमणे मारले, त्यांच्यापाशीच बसून त्यांनी त्या कधीतरी ऐकल्या. ज्या सुनेचे मन विटले असेल, ती असे बसणार नाही.

मी माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे विचार केला, की त्या बायका इतक्या का रागावत होत्या? त्या काळी विधवेचे केस गेलेले, कुंकू गेलेले, मंगलकार्यात पुढे यायची सोय नाही. तिच्याजवळ उरत असे ते फक्त सोवळे. चुलीपाशी तिचा शब्द चाले. कोणी काय शिवायचे, कोणी काय शिजवायचे, हे ती ठरवी. तेवढाच तिचा मान. अशा घरात एक लहानशी मुलगी हातात पाटी घेऊन आली, आणि घरचा कर्ता पुरुष त्या पाटीला सोवळ्यापेक्षा मोठे मानू लागला. मग त्या बायकांचे काय उरले? शिवाय त्यांना कोणी पाटी दिली नव्हती. भावाने बायकोला शिकवावे आणि विधवा बहिणीने ते दारातून पाहावे, हे सोपे नाही. त्यांचे वागणे बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण ते दुष्टपणातून आले नव्हते, तर ते दुखण्यातून आले होते. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणतात. रमाबाईंना मात्र दुसऱ्याचे जळलेलेही कळत असे.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे रमाबाईंच्या हाती प्रथमच स्वतःचा संसार आला. घरखर्चाचा हिशेब त्या ठेवू लागल्या. नाशिकच्या बायकांमध्ये ओळखी वाढवायच्या तर सभा भरवून कोणी आले नसते. म्हणून हळदीकुंकवाचे निमित्त काढले. हळदीकुंकवाला जायला कोणत्याच घरची ना नसे. बायका जमल्या म्हणजे त्यांना सीता, सावित्रीच्या गोष्टी सांगाव्यात, दोन शब्द मुलींच्या शाळेविषयी बोलावेत, असे चाले. बायकांना उंबरठ्याबाहेर ओढायचे नाही, त्या आपणहून येतील असे दार शोधायचे, ही युक्ती त्यांना तेव्हाच साधली. नाशिकलाच मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांनी आभाराचे चार शब्द बोलून दाखविले. भर सभेत बोलण्याचा त्यांचा तो पहिलाच प्रसंग.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या. घरी पुन्हा जुने वादळ उठले. पुढे मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून पुण्यात मोठी सभा भरली, गव्हर्नरसाहेब आले, आणि रमाबाईंनी भर सभेत इंग्रजीतून भाषण वाचून दाखविले. बाहेर त्यांची वाहवा झाली. घरी आल्यावर मात्र बोलणीच बसली. पण ते हायस्कूल निघाले. १८८४ साली निघालेली हुजूरपागेची शाळा ती हीच. आज आपल्यापैकी कोणाची भाची किंवा नात तेथे शिकत असेल, तर तिला सांगावे, की या शाळेसाठी इंग्रजी वाचून घरी आलेल्या बाईला त्या संध्याकाळी शाबासकी मिळाली नव्हती.

या नवराबायकोचा एक मौजेचा प्रसंग मला फार आवडला. १८८६ साली सरकारी कामासाठी माधवरावांना कलकत्त्यास जावे लागले. रमाबाई बरोबर होत्या. तेथे बंगाली वर्तमानपत्र दारावर येई, पण ते वाचता येईना. माधवरावांनी बंगाली पुस्तक आणले आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारायला सुरुवात केली. एवढा मोठा न्यायाधीश आणि गुरू कोण, तर न्हावी! रमाबाईंना हसू आवरेना. पण माधवरावांना त्यात कमीपणा वाटला नाही. ज्याला जे येते ते त्याच्यापाशी शिकावे, एवढा साधा हिशेब. पुढे ते बंगाली त्यांनी रमाबाईंनाही शिकविले. मला वाटते, दुसऱ्याचे मन जाणायचे तर आधी हेच यावे लागते. समोरच्याजवळ आपल्याला न येणारे काहीतरी आहे, असे मनापासून वाटावे लागते.

नवऱ्याचे मन जाणायलाही रमाबाईंना कधीकधी वेळ लागला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तेथे चहा पुढे आला. कोणी घेतला, कोणी घेतला नाही. पण ही गोष्ट वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात गहजब झाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला! त्या मंडळींवर बहिष्कार पडला. मुलीबाळींची लग्ने, श्राद्धपक्ष, सगळेच अडले. १८९२ साली माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. रमाबाईंनाही ते रुचले नाही. आपल्या पतीसारख्या माणसाने असे नमते का घ्यावे, याचे त्यांना वाईट वाटले. पण माधवरावांनी ते स्वतःच्या सोयीसाठी केले नव्हते. ज्या स्नेह्यांच्या घरी वडीलधारी माणसे कष्टी होती, त्यांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून त्यांनी लोकांचे बोल आपल्या अंगावर घेतले होते. हे उमजल्यावर, आपण त्यांच्याविषयी घाईने मत केले, याची रमाबाईंना खंत वाटली. वर्षानुवर्षे एका घरात राहिलेल्या माणसाविषयीसुद्धा असे होते, मग शेजारणीविषयी न झाले तरच नवल.

१८९३ साली माधवराव मुंबईस हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईतही रमाबाईंनी बायकांना एकत्र जमविण्याचे काम चालू ठेवले. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. रमाबाई तेव्हा अडतीस एकोणचाळीस वर्षांच्या. पोटी मूल नाही. त्या पुण्यास परत आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत.

येथे मी वाचताना बराच वेळ थांबले. ज्या बायकांनी त्यांना बोलून बोलून रडविले, त्या बायकांच्या ओळीत आता त्या स्वतः येऊन बसल्या होत्या. फरक एवढाच, की यांच्या हाती पाटी होती. त्या पाटीचे आता काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असणार.

त्यांनी काय केले ते आपल्यापुढे आहे. त्या येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात जाऊ लागल्या. ज्या बायकांचे तोंडही कोणी पाहत नसे, त्यांच्याजवळ बसून त्यांची सुखदुःखे ऐकू लागल्या. रुग्णालयात जाऊन आजारी बायकांची विचारपूस करू लागल्या. सणावाराला कैदेतल्या मुलांना खाऊ नेऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढले, तेथेही अध्यक्षपद त्यांनाच दिले. आणि १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन निघाले, ते रमाबाईंच्या राहत्या वाड्यातच.

सेवासदनात बायकांना लिहिणे वाचणे, शिवण, शिक्षिकेचे काम, परिचारिकेचे काम शिकवीत. पुष्कळशा विद्यार्थिनी विधवा होत्या. आता विचार करा. कोणत्या जुन्या वळणाच्या घराने आपली विधवा सून किंवा मुलगी वाड्याबाहेर शिकायला पाठविली असती? त्यातून परिचारिकेचे काम! परक्या माणसांना शिवायचे, रात्रीची पाळी करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची. पण लोकांनी पाठविल्या. का पाठविल्या? मला जे उत्तर सापडले ते असे. रमाबाईंनी त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना कधी मूर्ख म्हटले नव्हते. सोवळे म्हणजे काय, अब्रूची भीती म्हणजे काय, चारचौघांचे बोलणे म्हणजे काय, हे त्या तीस वर्षे माजघरात राहून शिकल्या होत्या. त्या ज्या घराशी बोलत, त्या घराची भाषा त्यांना येत होती. म्हणून त्यांच्या ओटीत लोकांनी मुली घातल्या. तरुणपणी माजघरात सोसलेला तो सगळा त्रास असा कामी आला.

मात्र एक गैरसमज नको. दुसऱ्याचे मन जाणणे म्हणजे सगळ्यांना हो म्हणणे नव्हे. एकदा बक्षीस समारंभात सेवासदनाच्या विद्यार्थिनींनाही बक्षिसे द्यायची होती. तांबडे आलवण नेसलेली, केशवपन केलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुल्लड केली. रमाबाई संतापल्या. समारोपाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी त्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. शिकून सवरून ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नाही, त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी विचारले. ही बाई तुमच्यापैकी कोणाची बहीण, मावशी, किंवा आईसुद्धा असू शकली असती, हे त्यांनी त्यांच्या ध्यानात आणून दिले. सगळी सभा चूप झाली असेल. सासरी ज्यांनी कधी उलट शब्द काढला नाही, त्याच या रमाबाई. स्वतःसाठी गप्प राहिल्या, पण दुसरीसाठी गप्प राहिल्या नाहीत.

तसेच पुढे पुणे नगरपालिकेत सक्तीचे शिक्षण आधी फक्त मुलग्यांना द्यावे असा विचार पुढे आला, तेव्हा १९२० साली मुलींनाही ते मिळालेच पाहिजे म्हणून पुण्याच्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या अग्रभागी साठीला टेकलेल्या रमाबाई होत्या. बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणूनही त्यांनी खटपट केली. आणि हेच करीत असता आषाढी कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत जाऊन, सेवासदनाच्या बायकांकडून वारकरी बायकांची सेवाशुश्रूषाही करवून घेतली. मोर्चातली बाई आणि यात्रेतली बाई, दोघींशी त्यांचे नाते होते.

१९२४ साली रमाबाईंनी देह ठेवला. तोपर्यंत शेकडो बायका सेवासदनातून शिकून आपल्या पायावर उभ्या राहिल्या होत्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही चालू आहे.

आता सांगितल्याप्रमाणे माझी गोष्ट. ज्या दोघींविषयी लिहिते, त्यांना हा मजकूर वाचून दाखवून, त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे.

आपल्या खजिनदार भगिनींचे यजमान चार वर्षांमागे गेले. तेव्हापासून दर संक्रांतीला त्या वाणाची खरेदी करतात, तिळगुळाच्या वड्या थापतात, हिशेब चोख ठेवतात, आणि संध्याकाळी बायका यायच्या आधी घरी निघून जातात. गेल्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटले, की यंदा त्यांना सर्वांसमोर हळदीकुंकू लावायचे. आपल्यातल्या एका वयोवृद्ध मावशींनी विरोध केला. मी त्यांना जुन्या खोडाच्या म्हटले आणि आणखीही पुष्कळ बोलले. जिभेला हाड नसते. मावशी उठून गेल्या आणि त्यानंतर मंडळात आल्याच नाहीत. मला वाटत होते, मी रमाबाईंसारखे काम केले!

हे चरित्र वाचून झाले त्या दिवशी मी मावशींकडे गेले. त्यांनी चहा केला, पण बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, की त्यांची धाकटी बहीण ऐन पंचविशीत विधवा झाली होती. कोणा उत्साही बाईने तिला एका समारंभात असेच सर्वांदेखत कुंकू लावले. त्यावर मागच्या बायका कुजबुजल्या, दोघी उठून गेल्या, आणि ती बहीण त्यानंतर कोणत्याच कार्याला गेली नाही. मावशींना आपल्या खजिनदारांचे तसे होऊ द्यायचे नव्हते. मी ज्याला जुने खोड म्हटले, ती माया होती. तिचा मार्ग मला पटत नाही, हे मी त्यांना सांगितलेही. त्यांनी ऐकून घेतले.

तेथून मी खजिनदारांकडे गेले. एवढा वाद त्यांच्यावरून झाला, पण त्यांना काय हवे आहे, हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. मावशींनीही विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, की कुंकवाचे त्यांचे त्या पाहतील, ते कोणी सर्वांसमोर लावून दाखवायला नको आणि नाकारायलाही नको. त्यांना फक्त संध्याकाळी घरी परत जायचे नव्हते. आपण थापलेली वडी कोणी खाऊन गोड म्हटलेली त्यांना ऐकायची होती.

इतकी साधी गोष्ट! तीन बायका एका गल्लीत राहतो, आणि ती कळायला शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या रमाबाईंना मध्ये यावे लागले.

येत्या संक्रांतीला खजिनदार दाराशी बसून प्रत्येकीला तिळगूळ देणार आहेत. त्यांच्या शेजारी बसायचे मावशींनी कबूल केले आहे. तेव्हा भगिनींनो, सर्वांनी अवश्य यावे, आणि वडी कशी झाली ते त्यांना तोंडावर सांगावे.